मेंदूचा जमाखर्च आणि पदार्थविज्ञान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. वैद्यक हा आमचा व्यवसाय नव्हे. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला विचारावयास कोणी आमच्याकडे येऊ नये, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत पदार्थविज्ञानाने वैद्यकाच्या घरी जी चाकरी केली आहे, तिच्यातील एक भाग आपल्यापुढे मांडावा असे फार दिवस मनात होते. जिवंत मेंदू किती इंधन खातो, कोणत्या कोपऱ्यात खातो, आणि ते इंधन तुटले म्हणजे काय होते, हे कवटीस शस्त्र न लावता मोजण्याची विद्या, हा तो भाग होय.

हाच विषय निवडण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. मधुमेह, रक्तदाब यांची चर्चा आपल्याकडे पंगतीत बसून मोठ्या आवाजात होते. पण कोणाच्या मुलीस आकडी येते, कोणाचा नातू वर्षाचा झाला तरी मान धरत नाही, कोणाच्या वडिलांना स्वतःच्या घराचा रस्ता सापडेनासा झाला, हे मात्र माजघरात, आवाज खाली आणून बोलले जाते. आणि बोलता बोलता तेथल्या तेथे निदानही होऊन जाते. ग्रहणात विळी हातात घेतली होती; कोणाची तरी दृष्ट लागली; ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’. या निदानांचा शेवट बहुतेक वेळा त्या मुलाच्या आईपाशी येऊन थांबतो. मोजमापाने काय हाती आले आहे ते सांगितले, तर या निदानांपैकी काहींचा तरी पाया ढासळेल, अशी आमची आशा आहे.

प्रथम काही आकडे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसात शेकडा दोन. परंतु माणूस स्वस्थ बसला असता त्याच्या शरीरास जितका प्राणवायू लागतो, त्यातील पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दर मिनिटास सुमारे पाऊण लिटर रक्त त्यातून वाहते आणि त्यातून तो पन्नासएक घनसेंटिमीटर प्राणवायू उचलतो. दिवसाकाठी शंभर ते सव्वाशे ग्रॅम द्राक्षशर्करा, म्हणजे डॉक्टर जिला ग्लुकोज म्हणतात ती साखर, तो जाळतो. विजेच्या भाषेत सांगावयाचे तर हा सर्व खर्च पंधरा-सोळा वॅटचा, आपल्या घरातील एका एलईडी दिव्याइतका होतो. यातील निम्म्याच्या आसपास खर्च केवळ पेशींतील क्षार आतबाहेर उपसण्यात जातो. होडीत पाणी झिरपत असावे आणि नावाड्याने ते सतत उपसत राहावे, तसा हा प्रकार आहे. उपसा थांबला की पेशी फुगते आणि मरणाच्या वाटेस लागते.

यकृतापाशी साखरेचे कोठार असते, कातडीखाली चरबीचा साठा असतो. मेंदूजवळ नाव घेण्याजोगे काही नाही. इतका मोठा हा राजा, परंतु त्याचे हातावर पोट आहे. रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत कायमची हानी होऊ लागते. नवजात बालकात तर मेंदूचे वजन शरीराच्या दहाव्या हिश्श्याहूनही अधिक असते. हा आकडा आपण ध्यानात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आता हे मोजले कसे? पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. गावात किती माल शिरला आणि किती बाहेर पडला याची नोंद नाक्यावर केली, की गावाने किती माल वापरला हे आत न जाता सांगता येते. अ‍ॅडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० साली हेच तत्त्व शरीराच्या बाबतीत मांडले. फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४५ साली ते मनुष्याच्या मेंदूस लावून दाखविले. माणसाने दहा मिनिटे, थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्यांचा तो ‘हसविणारा वायू’, मिसळलेली हवा हुंगावयाची. त्या वेळात रोहिणीतील रक्त आणि कवटीतून मानेत उतरणाऱ्या नीलेतील रक्त वरचेवर तपासावयाचे. दोहोंतील वायूच्या प्रमाणाचा मेळ किती वेळात बसतो यावरून रक्तप्रवाह निघतो आणि त्यास प्राणवायूच्या फरकाने गुणले की खर्च निघतो. वर दिलेले आकडे मुळात या रीतीने हाती आले.

या रीतीने एक चमत्कारिक गोष्टही निदर्शनास आली. निरोगी माणसास तोंडी गणिते घातली आणि मेंदूचा प्राणवायू मोजला, तर स्वस्थ पडल्या वेळेपेक्षा तो वाढलेला आढळला नाही. १९५५ साली हे प्रसिद्ध झाले. गणितास डोके लागत नाही असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी यावरून काढू नये! खरी गोष्ट अशी की नाक्यावरच्या कारकुनास संपूर्ण गावाचा खप कळतो. एखाद्या आळीत लग्न निघाले म्हणून तेथे तांदूळ जास्त गेला, हे त्यास कळत नाही. आळीआळीचा हिशेब हवा असेल तर माल गावात फिरत असता त्याच्या मागे जावे लागते.

मागे जाण्याचे हे काम एका अनपेक्षित पाहुण्याने केले. इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, पण उलट विद्युत्भाराचा, असा कण असला पाहिजे असे पॉल डिरॅक यांच्या समीकरणांतून निघाले होते. १९३२ साली कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांना तो विश्वकिरणांत सापडला. त्याचे नाव पॉझिट्रॉन. हा कण इलेक्ट्रॉनास भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन किरण अगदी विरुद्ध दिशांना निघून जातात. डोक्याभोवती संवेदकांचे कडे बसविले आणि एकाच क्षणी समोरासमोरच्या दोन संवेदकांवर टिचकी वाजली, तर घटना त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठे तरी घडली हे नक्की. अशा लक्षावधी रेषा काढल्या म्हणजे चित्र उमटते. सेंट लुईस येथे मायकेल फेल्प्स, एडवर्ड हॉफमन आणि मिशेल टर-पोगोसियन यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत असे यंत्र सिद्ध केले. आज इस्पितळांतून ज्यास ‘पेट स्कॅन’ म्हणतात ते हेच.

पण पॉझिट्रॉन सोडणारा अणू साखरेस चिकटवावयाचा कसा, आणि साखर तर पेशीत शिरताच जळून जाते, मग खूण राहणार कोठे? लुईस सोकोलॉफ यांनी येथे मोठी युक्ती केली. द्राक्षशर्करेतील एका ठिकाणचा प्राणवायू काढून टाकलेली साखर पेशी नेहमीच्या साखरेसारखीच आत घेते, तिच्यावर पहिला संस्कारही करते. पण पुढची पायरी तिला चढता येत नाही. पाहुणा ओटीवर आला, माजघरात जाता येईना आणि परत फिरताही येईना, अशी तिची अवस्था होते. ज्या आळीत साखरेचा खप अधिक, तेथे असे अडकलेले पाहुणे अधिक. या साखरेस फ्लुओरिन-१८ जोडून ती माणसास प्रथम दिली गेली ती १९७६ च्या ऑगस्टात. साखर तयार झाली लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आणि टोचली गेली फिलाडेल्फियात. फ्लुओरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. म्हणजे पावणेदोन तास उलटून गेले की हाती निम्मेच उरते. म्हणून ती विमानाने न्यावी लागली. औषध वाटेतच अर्धे होते, अशी ही नाशिवंत वस्तू! याच कारणासाठी ती बनविणारे सायक्लोट्रॉन इस्पितळाच्या आसपास असावे लागते. आपल्या मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली असे सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र सुरू झाले आणि भारतात या विद्येचा आरंभ तेथून झाला.

या चित्रांतून मेंदूच्या आजारांविषयी जे दिसले त्यातील दोनच गोष्टी सांगतो. पहिली अपस्माराची, म्हणजे आपल्या भाषेत फेफऱ्याची. मेंदूच्या एखाद्या लहानशा जागेतून आकडी उठत असेल, तर ती जागा आकडी चालू असता साखर भराभरा खाते, आणि दोन आकड्यांच्या मधल्या शांत काळात मात्र शेजारपाजारपेक्षा कमी खाते. शांत काळातील चित्रात तेथे फिकट डाग दिसतो. औषधांनी आकडी थांबत नसेल, तर कोठे शस्त्रक्रिया करता येईल याचा शोध घेताना हा डाग उपयोगी पडतो. दुसरी स्मृतिभ्रंशाची. अल्झायमरच्या रोगात कानाच्या वरच्या आणि मागच्या भागांतील साखरेचा खप विशेष घटलेला दिसतो. सासूबाई मुद्दाम विसरतात, मामंजी हट्टाने तेच तेच विचारतात, असे ज्या घरांतून म्हटले जाते, त्यांनी ही चित्रे एकदा पाहावीत. ज्या आळीत चूलच पेटत नाही, तेथून जेवणाची अपेक्षा करून रागावण्यात काय अर्थ आहे?

अपस्माराविषयी या व्यासपीठावर एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण वधूवरसूचक काम हे आपल्या मंडळाच्या कार्याचे मोठे अंग आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तिने वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास बाधक ठरविला होता. १९९९ साली संसदेने तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायद्याने जे सोडले ते आपण अजून धरून बसलो आहोत. डोक्यास मार लागून, जंतुसंसर्गाने, किंवा जन्माच्या वेळी प्राणवायू तुटून मेंदूत जो व्रण राहतो, त्यातून उठणाऱ्या आकडीचा घराण्याशी संबंध काय? काही प्रकार आनुवंशिक आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण कोणता प्रकार आहे हे ठरविण्याचे काम मेंदूच्या डॉक्टरांचे आहे, वरपक्षाच्या आत्याबाईंचे नव्हे. झाकली मूठ ठेवून लग्न लावले, तर मुलगी सासरी गोळी चोरून घेते, एखाद दिवशी चुकविते आणि मग जे व्हावयाचे ते होते. असो.

आता ज्या भागासाठी हा सर्व प्रपंच केला तिकडे वळतो. ‘बाळ जन्मताच रडले नाही’ हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. नाळ दाबली जाते, वार वेळेआधी सुटते, प्रसूती अडते, आणि जन्माच्या सुमारास बाळाच्या मेंदूचा प्राणवायू तुटतो. सर्वच अपंग बालकांत कारण हेच असते असे नव्हे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, संसर्ग, आनुवंशिक दोष अशी इतरही कारणे आहेत. परंतु जेथे हे कारण असते तेथे, १९८० पर्यंत, डॉक्टरांची समजूत साधारणपणे अशी होती की जी हानी व्हावयाची ती त्या काही मिनिटांत होऊन चुकते. त्यानंतर शुश्रूषा करण्यापलीकडे हाती काही राहत नाही. ही समजूत अपुरी आहे हे एका लोहचुंबकाने दाखवून दिले.

अणूचा गर्भ हा एक सूक्ष्म लोहचुंबक आहे आणि तो भोवऱ्यासारखा फिरतो आहे, असे समजा. (शास्त्रदृष्ट्या हे वर्णन ढोबळ आहे, परंतु व्यासपीठावर तेवढे चालावे.) प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात असे भोवरे ठराविक गतीने डोलू लागतात, आणि नेमक्या त्याच कंपनसंख्येची रेडिओलहर त्यांच्यावर सोडली तर ते ती घेतात आणि नंतर स्वतः बोलू लागतात. १९४६ साली फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी हे स्वतंत्रपणे सिद्ध केले. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. दीड टेस्ला शक्तीच्या चुंबकात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारांहून अधिक पट प्रबळ क्षेत्रात, हायड्रोजनचा गर्भ सेकंदास सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतो आणि फॉस्फरसचा सुमारे २ कोटी ६० लाख वेळा. नेहमीचा एम.आर.आय. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनचे बोलणे ऐकतो. आपल्याला ऐकावयाचे आहे ते फॉस्फरसचे.

कारण पेशीचे सर्व चलन फॉस्फरसचे आहे. एटीपी म्हणून जो पदार्थ आहे तो खिशातील रोकड होय. पेशीचा प्रत्येक खर्च त्यातून होतो. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे अडीनडीसाठी तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या नोटा. रोकड संपू लागली की त्या काढावयाच्या. आणि खर्च होऊन गेल्यावर मागे राहणारा सुटा फॉस्फेट म्हणजे रिकामी पाकिटे. या तिहींतील फॉस्फरस एकच, परंतु भोवतालचे इलेक्ट्रॉन त्यावर चुंबकाची थोडीफार सावली धरतात. त्यामुळे तिघांचे सूर दशलक्षात काही भाग इतक्या सूक्ष्म अंतराने वेगळे ऐकू येतात. १९५० च्या सुमारास हा प्रकार प्रथम आढळला तेव्हा तो काही पदार्थवैज्ञानिकांना आपल्या शुद्ध मोजमापातील नसती कटकट वाटला होता. त्याच कटकटीतून ही विद्या निघाली. कागदावर शिखरांची एक रांग उमटते: रोकड किती, डब्यात किती, रिकामी पाकिटे किती. सुई टोचावयाची नाही, किरणोत्सर्ग नाही. डोक्याशी तारेचे एक वेटोळे ठेवले की झाले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ऑस्मंड रेनॉल्ड्स हे बालवैद्य, आणि अर्नेस्ट केडी, डेव्हिड डेल्पी हे पदार्थवैज्ञानिक एकत्र आले आणि त्यांनी नवजात बालकांच्या मेंदूतील फॉस्फरस ऐकण्यास आरंभ केला. १९८३ साली पहिला निबंध प्रसिद्ध झाला. आजारी बाळास काचेच्या पेटीतून काढून, श्वासयंत्रासह, चुंबकाच्या बोगद्यात नेणे ही सामान्य गोष्ट नव्हती; लोखंडाचा कण असलेली वस्तू जवळ नेण्याची सोय नाही. असे असताही त्यांनी ते पुन्हा पुन्हा केले, एकाच बाळावर दिवसामागून दिवस, आणि शोध लागला तो या चिकाटीमुळे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा पहिल्या दिवशीचा आलेख पुष्कळदा निरोगी बाळासारखाच दिसे. रोकड जागेवर, डबा भरलेला. एकच मोजमाप करून ते थांबले असते, तर बाळ सावरले असे म्हणून मोकळे झाले असते. पुढल्या दिवसांत मात्र, रक्तदाब नीट असताना, प्राणवायू पुरेसा मिळत असताना, डब्यातील शिल्लक घसरू लागे आणि रिकाम्या पाकिटांचे शिखर चढू लागे. ही घसरण जितकी खोल, तितका त्या मुलाचा पुढील मार्ग बिकट, असेही दिसून आले.

यास दुसरे दिवाळे म्हणावे. पहिले दिवाळे प्राणवायू तुटला तेव्हाचे. त्यातून पेशी सावरतात. परंतु आत काहीतरी बिघाडाची साखळी सुरू झालेली असते आणि कित्येक तासांनी दुसरे दिवाळे निघते. १९९४ साली याच संस्थेत डुकरांच्या नवजात पिलांवर प्रयोग करून, पहिला धक्का, सावरणे आणि मग दुसरी घसरण, हा क्रम चुंबकाखाली प्रत्यक्ष दाखविण्यात आला. आता त्या दोहोंमधील सावरलेल्या तासांकडे पाहा. ज्या काळात सर्व काही संपले असे समजून आप्तेष्ट खिन्न होऊन बसत, त्या काळात मेंदूपाशी अजून शिल्लक होती! हे तास कोणत्याही डॉक्टरास डोळ्यांनी दिसण्याजोगे नव्हते. ते फॉस्फरसच्या आलेखात दिसले.

त्या तासांत करावयाचे काय? १९९५ साली असे दाखविले गेले की धक्क्यानंतर पिलाचे तापमान बारा तास सुमारे ३५ अंशांपर्यंत उतरवून ठेवले, तर दुसरी घसरण पुष्कळ कमी होते. थंडीत पेशीचा खर्च कमी होतो हे एक, आणि ती बिघाडाची साखळीही मंदावते. त्यानंतर बालकांवर रीतसर चाचण्या झाल्या. जन्मापासून सहा तासांच्या आत आरंभ करून ७२ तास बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंशांवर ठेवावयाचे, ही रीत ठरली. २००५ साली दोन मोठ्या चाचण्यांचे अहवाल आले आणि २००९ साली ब्रिटनमधून ३२५ बालकांचा. त्या शेवटच्या चाचणीत, मज्जासंस्थेचा दोष न राहता वाचलेली मुले नेहमीच्या शुश्रूषेत शेकडा २८ होती, थंड ठेवलेल्यांत ४४. सधन देशांत ही उपचारपद्धती तेव्हापासून रूढ झाली.

येथे एक सूचना आवश्यक आहे. आपल्याकडे बाळास दुपट्यात गुंडाळून ऊब देतात ते योग्यच आहे. निरोगी बाळास, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळास, गारवा घातक ठरतो. वर सांगितलेला उपचार अतिदक्षता विभागात, क्षणोक्षणी तापमान मोजून करावयाचा असतो. व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर कोणी शेगडी विझवू नये.

आता उरली ती कडू गोष्ट, आणि ती आपल्या देशाशी निगडित असल्याने टाळणे बरे नव्हे. जो उपचार विलायतेत लागू पडला तो येथेही पडेल असे धरून चालता येते काय? हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात इस्पितळांत मिळून ४०८ बालकांवर चाचणी झाली. ‘हेलिक्स’ या नावाने ती ओळखली जाते; २०२१ साली तिचा अहवाल आला. थंड ठेवलेल्या बालकांत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांचे प्रमाण कमी झाले नाही. इतकेच नव्हे, तर मृत्यू अधिक झाले: शेकडा ३१ च्या ठिकाणी ४२. हा आकडा वाचला तेव्हा आम्हास मोठा धक्का बसला, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

असे का व्हावे? येथेही चुंबकाचे साहाय्य घेण्यात आले. या बालकांच्या एम.आर.आय. चित्रांत जो व्रण दिसला, त्याचे स्वरूप विलायती बालकांतल्यासारखे नव्हते. प्राणवायू एकाएकी आणि पूर्ण तुटला तर मेंदूच्या मध्यभागातील गाठींवर घाव बसतो. दीर्घकाळ थोडा थोडा कमी पडत गेला तर घाव पांढऱ्या तंतूंच्या भागावर अधिक दिसतो. येथे दुसरा प्रकार अधिक आढळला. यावरून संशोधकांचा तर्क असा आहे की आपल्याकडील पुष्कळ बालकांत टंचाई जन्माच्या क्षणी सुरू होत नाही. ती आईच्या पोटात, प्रसूतीच्या आधीपासून किंवा लांबलेल्या कळांमध्ये चालू असते. सहा तासांचे घड्याळ आपण जन्मापासून लावतो. पण खरे घड्याळ धक्क्यापासून चालू झालेले असते. बाळ हाती येते तेव्हा ते मधले तास उलटून गेलेले असावेत. याचा निर्णय अद्याप लागावयाचा आहे. परंतु लंडनच्या आलेखाने जी फट दाखविली ती खोटी ठरली असे यातून आम्ही समजत नाही. ती फट आपल्याकडे बहुधा लवकर सुरू होते आणि लवकर मिटते.

यातून आपल्या घरांपुरते काही व्यवहाराचे निघते. गरोदर स्त्रीचा रक्तक्षय, रक्तदाब, पोटातील बाळाची वाढ यांची तपासणी सातव्या महिन्याच्या ओटीभरणानंतर नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून व्हावयास हवी. कळा लवकर याव्यात म्हणून इंजेक्शनाची घाई घरच्यांनी करू नये. कळा अतिजोराच्या झाल्या की दर कळेस बाळाचा रक्तपुरवठा आवळला जातो. प्रसूतीसाठी जागा निवडताना खोली वातानुकूलित आहे काय हे विचारण्यापूर्वी, न रडलेल्या बाळास पहिल्या मिनिटात पिशवी-मुखवट्याने श्वास देणारा शिकलेला माणूस रात्री दोन वाजताही तेथे असतो काय, हे विचारावे. भारत सरकारने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला तो दाई-परिचारिकांना हेच शिकविण्यासाठी. पिशवी-मुखवट्याची किंमत चुंबकाच्या मानाने काहीच नाही.

आणि ज्यांच्या घरी असे बाळ आले आहे त्यांना एक विनंती. इस्पितळातून निघताना बाळ किती मिनिटांनी रडले, श्वास द्यावा लागला काय, पहिल्या तीन दिवसांत आकडी आली काय, हे कागदावर लिहून मागावे आणि तो कागद जपून ठेवावा. पहिल्या पंधरवड्यात एम.आर.आय. करण्यास सांगितले तर ‘इतक्या लहान जिवाला यंत्रात कशाला’ म्हणून नाकारू नये. त्या यंत्रात क्ष-किरण नसतात, हे मघाशी आलेच. त्याच वेळी हायड्रोजनचा आलेख काढून, चेतापेशींत असणारा एन-अ‍ॅसिटिल अ‍ॅस्पार्टेट हा पदार्थ मेंदूच्या मध्यभागी किती उरला आहे हे मोजता येते. मूल पुढे बसेल, चालेल, बोलेल काय, याचा अंदाज त्यावरून दोन वर्षे वाट न पाहता बांधता येऊ लागला आहे. अंदाज चांगला निघाला तर घरावरचे मळभ दूर होते. वाईट निघाला तर व्यायामोपचार आठव्या महिन्याऐवजी दुसऱ्या महिन्यात सुरू करता येतात. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून आजवर शस्त्रक्रिया आणि औषधे यांसाठी मदत दिली जाते. अशा बालकांच्या तपासणीचा खर्चही त्यात धरावा, अशी सूचना आम्ही सर्वसाधारण सभेपुढे लेखी देत आहोत. तीवर चर्चा व्हावी.

चिटणीसांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर विचारावे. आम्ही सायंकाळपर्यंत येथेच आहोत.